बैल अजून दारात आहे

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मला कधीच आवडली नाही. ती ऐकवणारा सुखात ओट्यावर बसलेला असतो आणि ऐकून घेणाऱ्याचा बैल गेलेला असतो. नुकसान ज्याचं, शहाणपणही त्यालाच ऐकवायचं. पण त्या शेतकऱ्याने नंतर का होईना झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, केला कशासाठी, हे कुणी विचारत नाही. गोठ्यात गाय उरली असेल, वासरू असेल. पुढच्या बाजाराला तो दुसरा बैल आणणार असेल. किंवा यातलं काहीच नसेल. रिकाम्या दावणीकडे नुसतं बघत बसणं त्याच्याच्याने होत नसेल.

शिवाय या म्हणीत दोनच वेळा आहेत, बैल होता ती आणि बैल गेला ती. बैल लंगडतो आहे, दाव्याला हिसके देतो आहे, पण अजून दारात आहे, या मधल्या वेळेबद्दल म्हण गप्प आहे. बदलापूरला आत्याच्या घरची हार्ड डिस्क सध्या या मधल्या वेळेत आहे.

आधी ती नुसती मंद झाली. अशा वेळी माणसं व्हायरस शोधतात, जुन्या फाइली उडवतात, विंडोज नव्याने टाकतात. आत डिस्क मात्र जिवापाड धडपडत असते. चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क लगेच हात टेकत नाही. पुन्हा वाचते, हेड मागे नेते, परत आणते, परत वाचते. आपण समोर बसून चरफडतो तो सगळा वेळ तिचा त्या एका जागेपाशी जात असतो. हे कळल्यापासून मला तिच्यावर रागावता येत नाही.

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका दुरुस्तीवाल्याने आधी केबल बदलली, मग पोर्ट, मग अख्खं मशीन बदलून पाहिलं. दोष डिस्कचा की वाचणाऱ्याचा, हे आधी ठरवावं लागतं. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या झाकणावर टेकवून त्याने मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, त्याने त्यानंतर बघितले. वाचायचे अडलेले सेक्टर बरेच होते.

"दादा, हिला आता सारखी चालू-बंद करू नका," तो म्हणाला. "चेकडिस्क तर बिलकुल नाही. एकदाच लावायची आणि येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं." डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. पण त्या एका वाचनातच डिस्क जाऊ शकते, हेही त्याने सांगितलं. ड्रॉवरमधून झाकण काढलेली एक मेलेली डिस्क दाखवली. चकती आरशासारखी लखलखीत, फक्त मधोमध एक बारीक, मळकट कडं उमटलेलं. "हेड टेकलं की एवढंच होतं."

२००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्मार्टच्या एकाही आकड्यात आधी काही कळू दिलं नव्हतं. लंगडून दाखवणारा बैल त्या मानाने भला म्हणायचा.

बदलापूरकडे परतताना अंबरनाथ लागतं, आणि तिथे विचाराला जो फाटा फुटला तो अजून आवरलेला नाही. वालधुनीकाठच्या शिवमंदिरात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं वर्ष शके ७८२ असं वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा वाचला, तेव्हा वर्ष निघालं शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांचा काळ. पहिला आकडा सात की नऊ, एवढ्यावरून देवळाच्या वयात दोनशे वर्षांचा फरक पडला. भाऊ दाजी काही उथळ अभ्यासक नव्हते. दगडही तोच होता. तो दुसऱ्या वाचकाची वाट बघत तिथेच उभा राहिला, आणि पहिल्या वाचनाने त्याचं काही बिघडलं नव्हतं.

डिस्क अशी थांबेल का? काही जण म्हणतात, बंद करून कपाटात ठेवा, उद्या चांगली साधनं येतील. पण ठेवलेली डिस्कही जशीच्या तशी राहत नाही. हेड चिकटतं, बेअरिंग आखडतं. वाचली तर जाईल आणि न वाचता ठेवली तरी हळूहळू जाईल, यातलं काय निवडायचं?

त्या डिस्कवर आहेत ते फोटो २६ जुलै २००५ च्या पुरातून वाचलेले. उल्हास नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि अल्बम चिखलात भिजले. आत्याने एकमेकांना चिकटलेले फोटो परातीत पाणी घेऊन एकेक करून सोडवले, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले. बरेचसे पुढे बुरशीने गेले, पण त्याआधी स्कॅन झाले होते. काही फोटो तर तिचे नव्हतेच. लग्नकार्यातल्या फोटोंच्या प्रती नात्यात वाटायची पद्धत होती, म्हणून पूर ओसरल्यावर कुणी कल्याणहून, कुणी नाशिकहून आपल्या अल्बममधून काढून आणून दिले. आजोबांचा उभा फोटो असाच परत आला.

म्हणजे ही डिस्क हाच बैल गेल्यावर केलेला झोपा होता. तो मी इतके दिवस बैल समजत होतो. आणि आता झोपाच कोसळायला आला आहे, त्याला काय म्हणायचं हे कुठल्याच म्हणीत नाही.

आत्याला दुरुस्तीवाल्याचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे रे. बंद आहे तोवर सगळे फोटो आहेत तिच्यात." याला उत्तर द्यायचं म्हणून मी बरंच काही जुळवलं होतं. आता तिचं चुकतंय असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही, आणि दुरुस्तीवाल्याचं तर मुळीच चुकत नाही.

पुराच्या आधीचे अल्बम ज्यांच्या घरी कोरडे राहिले, त्यांना मात्र एक विनंती आहे. त्यात तुमच्या घरचे नसलेलेही चेहरे असतील. त्यांच्या माणसांना एकेक प्रत पाठवून द्या.