मुक्तिदिनाचा अधिक महिना

मराठवाड्यातल्या माजलगावच्या माणसाला स्वातंत्र्य कधी मिळालं असं विचारलं, तर एका तारखेवर भागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ देशाचा. त्या दिवशी आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि तिरंगा फडकवणं हा इथं गुन्हा होता. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्यासाठी तुरुंगात जावं लागलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि आमचा मुक्तिदिन तो ठरला. तेरा महिने उशिरा. पुढे १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

लहानपणी या उशिराचं आम्हाला काही वाटत नव्हतं. भादव्यातला उकाडा, अंगाला चिकटलेले गणवेश, ग्राऊंडवर चुन्याच्या रेघा, दोरीची गाठ सुटेना म्हणून खांबाशी खाली-वर बघणारे पीटीचे सर, आणि शेवटी हातावर पडणाऱ्या लिमलेटच्या दोन गोळ्या. महिन्यापूर्वीच झेंडावंदन झालं, आता परत कशाला, असं कुणीतरी विचारायचंच. उत्तरादाखल भाषण व्हायचं. भाषणात निजामाच्या बाजूने लढणारे रझाकार यायचे, सरदार पटेल यायचे. त्यात माजलगाव मात्र क्वचितच असायचं.

२०२२-२३ मध्ये मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव झाला. फलक लागले, फेऱ्या निघाल्या, रोषणाई झाली. आता अमेरिका आपल्या स्वातंत्र्याची अडीचशे वर्षं साजरी करते आहे. १७७६ चा ४ जुलै ते २०२६ चा ४ जुलै. एवढ्या मोठ्या देशाच्या उत्सवाशी माजलगावचा काय संबंध, असं वाटेल. पण तिथल्या आधीच्या उत्सवांकडे पाहिलं की संबंध दिसतो.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियात शंभरीचं भव्य प्रदर्शन भरलं होतं. बेलचा टेलिफोन लोकांनी तिथं पाहिला. त्याच शहरात ४ जुलैच्या मुख्य समारंभात स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी सुझन अँथनी आणि तिच्या मैत्रिणी कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना थेट मंचापर्यंत गेल्या, स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा समारंभाच्या अध्यक्षांच्या हाती दिला आणि बाहेर येऊन तो लोकांना वाचून दाखवला. त्याआधी १८५२ मध्ये फ्रेडरिक डग्लस या पूर्वी गुलाम असलेल्या वक्त्याने, तुमचा हा ४ जुलै गुलामाच्या काय कामाचा, असा सवाल टाकला होता. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला तर गुलामगिरी संपल्याची घोषणा १९ जून १८६५ ला झाली. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १८६३ च्या १ जानेवारीचा, म्हणजे अडीच वर्षांचा उशीर. तिथले कृष्णवर्णीय तोच दिवस पाळत राहिले आणि २०२१ मध्ये तो देशाच्या सुट्ट्यांत आला. १७ सप्टेंबर पाळणाऱ्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

शंभरीच्या त्या प्रदर्शनातली यंत्रं भंगारात गेली असतील. बिनबोलावता मंचावर गेलेल्या बायकांची गोष्ट उरली. वर्धापनदिनाचं खरं काम मला त्यात दिसतं. ज्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही, त्यांना बोलायला तो दिवस हक्काची जागा देतो. पण आपण ती जागा हारतुऱ्यांनीच भरून टाकतो.

राहून गेलेल्याला जागा देण्याच्या बाबतीत आमच्याच तालुक्यात एक जाणता गुरू आहे. गोदावरीकाठचं पुरुषोत्तमपुरी. यादव राजा रामचंद्रदेवाचा शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट या गावाच्या नावानं अभ्यासकांना ठाऊक आहे. लोकांना मात्र गाव ठाऊक आहे ते अधिक महिन्याच्या जत्रेमुळे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ही तूट पंचांगवाले झाकत नाहीत. साठत गेलेले दिवस धरून तीन वर्षांच्या आत एक पूर्ण महिना घालतात. मंगलकार्याला नको म्हणून त्याला मलमास म्हणत. पुराणकथेत विष्णूने त्याला आपलं पुरुषोत्तम हे नाव दिलं. मग या टाकलेल्या महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण, तेहेतीस अनारशांचं वाण, गोदावरीत स्नान आणि पुरुषोत्तमाच्या दारी ही रांग. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. त्यासाठी परिपत्रक लागत नाही, कारण प्रत्येक घरात त्या महिन्याचं काहीतरी काम असतं.

मुक्तिदिनालाही असा अधिक महिना हवा, मागं राहिलेल्याची भर घालणारा. आमची तूट काही लहान नाही. बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तीनंतर ७७ वर्षांनी. माजलगावला रूळ अजून नाहीतच. झेंडावंदनानंतर महिनाभरात ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडं कोयते गुंडाळून कारखान्यांची वाट धरतात आणि वर्गातले बाक रिकामे होतात. त्या पोरांना मुक्तिदिनाचं भाषण पाठ असतं, आणि दिवाळी उसाच्या फडात असते.

एक बाजू तर भाषणात येतच नाही. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. ते सांगायलाच हवं. पण पोलीस ॲक्शन म्हटल्या गेलेल्या त्या लष्करी कारवाईनंतर मराठवाड्यात आणि संस्थानात इतरत्र ज्या मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला, त्यांचंही सांगायला हवं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानात फिरून २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. ज्यांचा निजामाशी काडीचा संबंध नव्हता असे विणकर, शेतमजूर, छोटे दुकानदार मारल्या गेलेल्यांत होते. माजलगावच्या बाजारात शेजारी शेजारी दुकानं लावणाऱ्या दोन घरांत १७ सप्टेंबरची आठवण एकसारखी असेलच असं नाही. दोन्ही आठवणी एका मांडवात ऐकल्या, तर मुक्ती कमी होत नाही, तिचा हिशेब पुरा होतो.

ज्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला ते आता नव्वदीच्या आसपास आहेत. पुढच्या १७ सप्टेंबरला शाळेत एखादं भाषण कमी करून पोरांना वही देऊन गल्ल्यांत पाठवावं, गढीकडच्याही आणि मोहल्ल्याकडच्याही. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांनी तर आपल्याच घरी विचारावं, की आपल्याकडं ही तारीख पोचली का. उत्तर 'नाही' आलं, तरी ते झेंड्याखाली उभं राहून मोठ्यानं वाचावं. त्या दिवसाचं घरोघरचं काम एवढंच.