वडिलांची ट्राम

मुंबईची ट्राम मी पाहिलेली नाही. ९ मे १८७४ पासून तिला घोडे ओढीत. ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. वडील तेव्हा मुंबईस नोकरीला होते. पुढे पांढुर्ण्याच्या ओसरीवर बसून ते तिची घंटा तोंडाने वाजवून दाखवीत. “शेवटच्या गाडीत बसावयास हवे होते,” एवढे म्हणून गप्प होत. मी मनाशी हसे.

२०१५ साली छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपूरला जाणारी आमची छोट्या रुळांची गाडी बंद झाली. शाळेत परीक्षेची कामे होती. मी स्टेशनवर गेलो नाही. मोठ्या रुळांची गाडी आली, सोय झाली. पण नातू विचारतो, तेव्हा मीही तोंडाने शिट्टी वाजवून दाखवितो, आणि गप्प होतो.