पाच एमबीचा पेनड्राइव्ह

खोक्यावर 32 जीबी छापलंय आणि विंडोज म्हणतंय, जेमतेम पाच एमबी. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत अपडेट संपले, तेव्हा बाबांच्या जुन्या लॅपटॉपसाठी याच पेनड्राइव्हवर उबुंटूची इमेज जशीच्या तशी उतरवली होती. लॅपटॉप मार्गी लागला. आता भाचीला कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ न्यायच्यात, तर हा अडून बसलाय.

पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. इमेज स्वतःची विभागणी सोबत घेऊन येते. विंडोजला त्यातला बूटपुरता तुकडा कळतो, बाकीचा वाचताच येत नाही. म्हणून राइट क्लिक करून फॉरमॅट मारलं, तरी तेवढा तुकडाच पुसला जातो. खरा इलाज विंडोजमधलंच डिस्कपार्ट. त्याच्या काळ्या खिडकीत ‘लिस्ट डिस्क’ लिहायचं आणि इथे घाई अजिबात करायची नाही. 29 जीबीच्या आसपास दिसतो तो आपला, तोच निवडून ‘क्लीन’ करायचा. शेजारची 476 जीबी म्हणजे घरचं सगळं. ‘क्लीन’ कुणालाही विचारत नाही, थेट साफ करतं! मग नवं पार्टिशन, आणि फॅट 32. त्यात 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, पण गाडीतली म्युझिक सिस्टीमही ते मुकाट वाचते.

साध्या ‘क्लीन’ने आतला मजकूर मात्र खरोखर जात नाही, फक्त विभागणीची नोंद जाते. पेनड्राइव्ह परक्याला द्यायचा असेल, तर ‘क्लीन ऑल’ लावून खुशाल जेवायला बसावं. त्याला वेळ लागतो.