कोरड्या मुलखातली पद्मिनी

मुंबईची खारी हवा पत्रा खाते. लातूर-नांदेडचं ऊन रंग उडवतं, पण पत्रा बराच राखतं. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं उभी असलेली एखादी प्रीमियर पद्मिनी जुन्या गाड्यांच्या शौकिनाला म्हणूनच मोलाची वाटावी.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे दाराखालची पट्टी गंजली की प्रश्न रूपाचा उरत नाही. डेंटर हातोडीने हलकेच ठोकत जातो. जिथे ‘टण्ण’ऐवजी ‘भद्द’ येतं, तिथे आत नुसती लांबी भरलेली. ती खरवडली की बोट आरपार! मग दुसऱ्या गाडीचा तेवढाच तुकडा कापून वेल्डिंगने बसवायचा.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीची ही गाडी. तिचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. नवे पत्रे येणार कुठून? एकीला जगवायला दुसरी कापावी लागते, आणि कोणती कापायची इथे भलेभले रेंगाळतात. हा रेंगाळण्याचा काळच या छंदातला सर्वांत अवघड, बाकी कारागिरी.

शिवाय वेगळी चासी नसली तरी बॉडीवरच्या चासी नंबरचा पेच असतोच: कापलेला तुकडा एका नंबरच्या गाडीचा, बसवायचा दुसऱ्या नंबरच्या गाडीला. म्हणून गॅस कटर पेटवण्याआधी जाणता माणूस दोन्ही गाड्यांची आरसी बुकं मागून घेतो.