मोड आणि डाग

सराफाच्या पेढीवर जुन्या दागिन्याला दागिना म्हणत नाहीत, मोड म्हणतात. 'मोड आहे का काही?' असा प्रश्न येतो आणि तिथेच निकाल लागतो. हातातली वस्तू आता वस्तू राहिलेली नाही, नुसतं वजन उरलं आहे. ती काट्यावर जाते, तिचा टंच निघतो, घट वजा होते आणि एक आकडा समोर येतो. गोफ कसा विणला होता, कड्या किती नेटक्या जुळवल्या होत्या, याला त्या आकड्यात जागा नसते. विकत घेताना घडणावळीचा हिशेब चोख झालेला असतो. मोड देताना तिचं नावही कुणी काढत नाही. चांदीच्या साखळीपुरता हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो, असं मला वाटतं. नीट पारखून घेतलेली वापरलेली साखळी नव्या साखळीपेक्षा जास्त भरवशाची असू शकते, कारण तिची परीक्षा होऊन गेलेली असते आणि त्या परीक्षेचे गुण तिच्या अंगावर वाचता येतात. नव्या साखळीवर वाचण्यासारखं असतं ते चकाकी आणि किमतीची चिठ्ठी.

मराठी घरात चांदी माणसाला पाळण्यातच गाठते. बारशाला वाळे येतात, कमरेला करगोटा येतो, पाय टाकायला लागलं की घुंगरांच्या साखळ्या. मुलीच्या पायांत पुढे तोरड्या, मग पैंजण. लग्नानंतर कमरेला छल्ला आणि त्यात कपाटाच्या किल्ल्या. शेतकऱ्याच्या कमरेचा जाडजूड करदोटा तर दागिना कमी आणि अडीनडीची पुंजी जास्त. सोनं कमरेखाली घालायचं नाही या संकेतामुळे शरीराचा निम्मा भाग आपोआप चांदीच्या वाट्याला आला, आणि हालचाल सगळी तिथेच असल्यामुळे वळणारी, लवणारी, पायाबरोबर चालणारी साखळीही तिथेच रुळली. पण शरीर साखळीपेक्षा लवकर बदलतं. बाळाच्या पायातल्या साखळ्या दोन वर्षांत आखूड होतात आणि धाकट्या भावंडाच्या पायात जातात, तिथून पुतण्याच्या, तिथून नातवाच्या. त्यांना कुणी 'वापरलेल्या' म्हणत नाही, 'घरच्या' म्हणतात. म्हणजे आपली तक्रार वापराबद्दल नसतेच. आधीच्या पायाचं नाव ठाऊक नसलं की मगच ती सुरू होते.

ही तक्रार पोरकट म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. कुणाच्या दुःखात विकली गेलेली साखळी आपल्या गळ्यात नको, ही भावना खरी आहे. फक्त ती मनात आणणाऱ्याने पुढचा प्रश्नही विचारायला हवा, नव्या साखळीतली चांदी आली कुठून? तीतली काही खाणीतून आली असेल, पण काही याच पेढ्यांवर जमा झालेल्या मोडीतूनही आलेली असते. मोड भट्टीत जाते, शुद्ध होऊन तिच्या लगडी पडतात, लगडींची तार ओढली जाते, आणि हुपरीच्या कारागिराकडे किंवा रजतनगरी म्हणवणाऱ्या खामगावच्या पेढीवर ती पोचते तेव्हा तिच्या पूर्वायुष्याची चौकशी करायला काही उरलेलं नसतं. आजी-पणजीच्या काळातला राणीछाप रुपया बरोबर एका तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. असे रुपये सोनाराला आटवायला देऊन कितीतरी दागिने घडले. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा निघाला, तोवर किती बाजारांतून, किती सावकारांच्या हातांतून ते रुपये फिरले असतील! तेव्हा नवी चांदी म्हणजे जिची ओळख आगीने पुसली आहे अशी जुनीच चांदी, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. सोवळ्याचाच प्रश्न असेल तर स्मृतिकारांनी नक्षी नसलेली चांदी नुसत्या पाण्याने शुद्ध होते असं सांगून ठेवलं आहे. नक्षीच्या खाचांत मळ अडकतो, हे त्यांच्याही ध्यानात आलेलं दिसतं.

आता पारख. चांदी मऊ असते, आणि दागिन्यासाठी तिच्यात तांबं मिसळतात ते ती जरा ताठ व्हावी म्हणून. तरीही कडीवर कडी घासत राहते, मध्ये धूळ येते, धुळीतली वाळू चांदीहून कितीतरी कठीण, आणि घाम त्या वाळूला हलतं ठेवतो. म्हणून साखळी झिजते ती बाहेरून नव्हे, आतून, जिथे एक कडी दुसरीत बसते तिथे. बाहेरून चकचकीत दिसणारी साखळी सैल धरून कड्या एकमेकींपासून दूर सारल्या तर आतल्या कडेला खाच दिसते. तार गोल असायची ती तिथे चपटी झालेली असते. हीच झीज मोजताही येते. पन्नास सेंटिमीटरच्या साखळीत समजा दीडशे कड्या आहेत. प्रत्येक सांध्यात दोन तारा टेकतात. दोन्ही तारा दशांश मिलिमीटरने जरी झिजल्या तरी साखळी तीन सेंटिमीटरने लांबते. झिजलेली साखळी हलकी होते हे सगळ्यांना कळतं, ती वाढते हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. मानेमागच्या दहा कड्यांची लांबी घ्यावी, पदक लोंबकळतं त्या बाजूच्या दहा कड्यांची घ्यावी. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर साखळी एका जागी दमली आहे. हूक अडकतो ती शेवटची कडी आणि पदकाचा नाका, या दोन जागा तर भिंगाखालीच बघाव्यात. तार निम्म्यावर आली असेल तिथे माझा सल्ला सरळ नकाराचा राहील. पण झीज सगळीकडे सारखी आणि थोडी असेल तर ते चांगलं लक्षण आहे. कच्ची झाळ पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच उघडी पडते. जी साखळी बरीच वर्षं ओढ सोसून शाबूत राहिली, तिच्या सांध्यांबद्दल कारागिराच्या शब्दापेक्षा मोठी साक्ष मिळालेली असते.

झाळीकडे वेगळं बघायला हवं, कारण दुरुस्तीची खरी हकिकत तिथे असते. चांदीचा सांधा चांदीच्याच झाळीने जोडतात. तिच्यात चांदी थोडी कमी असल्यामुळे ती तारेच्या आधी वितळते. घाईत कुणी कथील-शिशाने जोडलं असेल तर करडा, मेणचट ठिपका दिसतो, आणि असा सांधा पुढे कधी तापवला तर कथील-शिसं आजूबाजूच्या चांदीत शिरून तिला खाऊन टाकतं. असा एक ठिपका असेल तर भावात घासाघीस करता येईल. चार असतील तर साखळी खाली ठेवावी.

शंका टंचाची येते, आणि ती रास्तच आहे. जुन्या घुंगरांच्या पैंजणांत सांधे शेकड्यांनी असतात. प्रत्येक सांध्यावर झाळ, म्हणून तार चांगली असली तरी सगळं मिळून आटवल्यावर टंच खाली येतो. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. लबाडी ओळखायला घरातला बारीक वजनकाटा पुरतो. काट्यावर पाण्याची वाटी ठेवावी, आकडा शून्यावर आणावा आणि साखळी दोऱ्याला बांधून, तळाला न टेकू देता, पूर्ण बुडवून धरावी. जो आकडा येईल तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा साखळीने घेतली. चाळीस ग्रॅमची ९२.५ टक्क्यांची साखळी साधारण ३.९ ग्रॅम दाखवते. जर्मन सिल्व्हर, ज्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं आणि चांदी नावापुरतीही नसते, ते ४.६ च्या आसपास जातं. कड्यांत अडकलेले बुडबुडे आधी झटकावेत. पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला ही परीक्षा लागू पडत नाही. शिवाय ही परीक्षा चांदी आहे की नाही एवढंच सांगते, नव्वद टक्के की ऐंशी हे सांगत नाही. लोहचुंबक त्याहूनही मर्यादित. चांदी त्याला चिकटत नाही, पण तांबं-पितळही चिकटत नाही, आणि अस्सल साखळीच्या हुकातली पोलादी स्प्रिंग मात्र चटकन चिकटते, त्यावरून साखळीला खोटी ठरवू नये. पेढीवरचं क्ष-किरणांचं यंत्र अचूक असतं, पण ते वरचाच पातळ थर वाचतं. म्हणून मोजमाप झिजलेल्या जागी, मुलामा उडालेल्या जागी करायला सांगावं. जुन्या साखळीची ही सोय नव्या साखळीत नसते.

मग हॉलमार्कची नवी साखळीच का घेऊ नये? जरूर घ्यावी, पण हॉलमार्क काय सांगतो ते समजून घ्यावी. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी ही सोय २००५ साली आणली. सोन्यावर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती आली, चांदीवर नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरांकांचा ओळख-क्रमांक मिळू लागला आहे, तोही ऐच्छिक. नुसता '९२५' हा ठसा कुणीही मारू शकतो. ब्यूरोचं चिन्ह आणि क्रमांक असेल तरच त्याला अर्थ. आणि तो अर्थ धातूचा आहे, कामाचा नाही. तार किती बारीक ओढली आहे, कडी बंद केली आहे की नुसती दाबून मिटवली आहे, हे कोणताही ठसा सांगत नाही. भाव चढले की वजन कमी करण्याचा मोह कारखान्याला होतो आणि साखळ्या बारीक आणि पोकळ होत जातात. जुनी साखळी निदान ज्या भावात घडली त्या भावाच्या जाडीची असते.

भाव चढल्याचा दुसरा परिणाम जुन्या वस्तूंवर होतो. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसामागे जवळजवळ पन्नास डॉलरला पोचली तेव्हा पाश्चात्त्य देशांत चहाच्या किटल्या, चमचे, तबकं भट्टीकडे निघाली. २०२५ साली आपल्याकडे किलोचा भाव लाखाच्या कितीतरी पुढे गेला, आणि पेटीतले पैंजण विकून टाकायचा विचार त्यानंतर अनेक घरांत आला असेल तर नवल नाही. गरज असेल तर विकावेत. चांदी त्यासाठीच तर साठवली जाते. पण एक जुनी साखळी मोडून दुसरी नवी घेणाऱ्याने हिशेब पुरता मांडावा. जुनीची घडणावळ गेली, घट गेली, नवीची घडणावळ लागली, कर लागला. वजन तेवढंच ठेवायचं तर खिशातून पैसे जातात, आणि पैसे तेवढेच ठेवायचे तर साखळी हलकी होते. उलट मोडीच्या ढिगातून चांगली साखळी धातूच्या भावाच्या आसपास मिळाली तर कुणाच्या तरी कामाचे तास जवळजवळ फुकट पदरात पडतात. पावती मात्र घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसं वाटण्याजोगं कारण असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि पावती द्यायला कचरणारा विक्रेता असं कारण आयतंच पुरवतो.

मराठीत डाग म्हणजे दागिना आणि डाग म्हणजे कलंकही. चांदीला दोन्ही अर्थ लागू पडतात. अंगात उष्णता आहे म्हणून चांदी काळी पडते असं घरोघरी सांगितलं जातं. कारण इतकं गूढ नाही. हवेतलं, घामातलं, मलमांतलं गंधक चांदीशी जुळतं आणि तिच्यावर सल्फाइडचा काळा थर चढतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत उतरण्याआधी साखळी काढून ठेवावी ती यासाठी. रबरबँडात गुंडाळून ठेवलेली साखळी काळी पडते तेही रबरातल्या गंधकामुळेच. हा थर नुसता बाहेरून आलेला नसतो, त्यात चांदीही असते, आणि म्हणून तो घासून काढणं म्हणजे चांदी घासून काढणं. टूथपेस्ट, राख, रांगोळी यांची चमक फसवी असते. रांगोळीतली गारेची पूड चांदीवर पाट्यावरल्या वरवंट्यासारखी चालते. वर्षातून दोनदा पॉलिशला जाणारी साखळी वापरापेक्षा पॉलिशनेच लवकर झिजत असेल, असं मला वाटतं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ॲल्युमिनियमच्या वर्खावर चांदी ठेवण्याची युक्ती त्यामानाने बरी, कारण तिथे गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. पण ती खाचांतला काळेपणाही नेते, आणि नक्षी दिसत होती ती त्या काळेपणामुळेच. लाख भरलेल्या, मीना केलेल्या, मोती गुंफलेल्या दागिन्याला तर गरम पाणी दाखवूच नये.

बाकी निगा अगदी थोडी. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, जुना झालेला मऊ ब्रश, आणि मग सुती कापडावर पूर्ण वाळवणं, कारण कड्यांच्या आत ओल राहते. कोकणातल्या दमट हवेत घट्ट झाकणाच्या डबीत खडूचा तुकडा टाकावा. तलावातल्या क्लोरिनपासून आणि मिठाच्या पाण्यापासून दूर ठेवावी. आणि घालावी. रोजच्या वापरातली साखळी कापडाशी, कातडीशी घासून उंच भागांवर उजळत राहते. पेटीतली साखळी एकसारखी काळवंडते. तान्ह्या बाळाच्या गळ्यात मात्र साखळी जुनीही नको आणि नवीही नको. वापराने झीज होणारच, या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. सगळीकडून पातळ झालेली, ठिकठिकाणी डाक दिलेली, पोकळ आणि पोचे पडलेली साखळी खरोखरच मोड असते, तिला भट्टी दाखवावी. पण एक कडी गेली म्हणून सगळी साखळी मोडीत काढू नये. त्याच जाडीची तार मागून, चांदीच्याच झाळीने ती कडी बदलून देणारा सोनार बहुतेक गावांत अजून सापडतो. बसवलेली कडी काही महिने उपरी दिसते, एकटीच पांढरी. मग एखाद्या पावसाळ्यात तीही काळवंडते आणि कुठली ते शोधावं लागतं.