थोरलीचा प्रवेश आणि आमची चूक

आम्ही उभयता फार शिकलेलो नाही. आमच्यापैकी एक जण कारखान्यात फिटर, दुसरी वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस. घरात दोन मुली. तेव्हा संगणक अभियांत्रिकीच्या प्रवेशावर आम्ही चार ओळी लिहाव्यात याचे ओळखीच्यांना नवल वाटेल. पण २०२५ च्या उन्हाळ्यात थोरलीच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या हातून जी चूक घडली ती समाजातल्या दुसऱ्या कुणा आईबापाच्या हातून घडू नये, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहोत.

सीईटीचा निकाल लागला आणि थोरलीला ९४.२ मिळाले. आम्ही पाव किलो पेढे आणून आळीत वाटले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चौऱ्याण्णव टक्के! बाबासाहेबांची लेक शोभतेस गं!" थोरली हळूच म्हणाली, "मावशी, टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे." मावशी म्हणाल्या, "तेच ते." खरे सांगायचे तर आम्हालाही तेच ते वाटत होते.

ते तेच नसते. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभर मुलांत आपल्या बरोबरीला किंवा मागे किती आहेत, तो आकडा. त्या वर्षी गणिताच्या गटाला चार लाखांहून अधिक मुले बसली होती. ९४ च्या पुढे उरलेले सहा म्हणजे चार लाखांचे सहा टक्के, म्हणजे चोवीस हजारांहून जास्त मुले आमच्या पोरीच्या पुढे. हा हिशेब थोरलीने वहीवर करून दाखवला तेव्हा तोंडातला पेढा कडू झाला. गंमत पाहा, सकाळी आम्ही गरजेपेक्षा जास्त फुगलो होतो आणि संध्याकाळी गरजेपेक्षा जास्त खचलो. दोन्ही वेळी आकडा तोच होता.

खचलेल्या मनाने आम्ही एका मार्गदर्शन केंद्रात गेलो. त्यांनी फी घेतली, संगणकावर आकडा टाकला आणि मोठ्या कॉलेजांच्या नावांसमोर लाल रंग दाखवला. "संगणक विसरा. दुसरी शाखा घ्या, नाहीतर संस्थेच्या कोट्यातून जागा बघू," असे ते गृहस्थ म्हणाले. जातीचा दाखला आहे का, हे त्यांनी शेवटी विचारले, तेही पाणी पिता पिता. त्यांनी सबंध वेळ खुल्या वर्गाचा रकाना पाहिला होता. संस्थेच्या कोट्यातल्या जागेला फ्रीशिप मिळत नाही, शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेलाच मिळते, हे तर ते बोललेही नाहीत. त्या सल्ल्यावर गेलो असतो तर चार वर्षांची फी आमच्या खिशातून गेली असती, आणि आमचा खिसा सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या रविवारी थोरलीचा आत्येभाऊ पुण्याहून आला. तो संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. म्हणाला, "मामा, मामी, कुणाला पैसे देऊ नका. सरकारच दरवर्षी सगळी यादी छापतं." त्याने सीईटी कक्षाच्या कटऑफच्या याद्या मोबाईलवर उतरवून घेतल्या, स्टेशनजवळच्या दुकानात छापून आणल्या आणि सतरंजीवर पसरल्या. शेकडो पाने! प्रत्येक कॉलेज, प्रत्येक शाखा, आणि खाली इंग्रजी अक्षरांचे रकाने. ती अक्षरे कळली आणि अर्धे भय गेले.

पहिले अक्षर 'जी' म्हणजे सर्वांसाठी, 'एल' म्हणजे मुलींसाठी. मधले 'एससी' म्हणजे आपला वर्ग. शेवटी 'एस' असेल तर जागा सबंध राज्याच्या, 'एच' म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांच्या, 'ओ' म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातल्या मुलांच्या. आम्ही मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातले. पुण्याच्या कॉलेजचा 'एच' रकाना बघून आम्ही उगाच हुरळलो होतो, तो आमचा नव्हताच, आमचा 'ओ'. प्रत्येक रकान्यात गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल छापलेले असते.

आत्येभाऊ म्हणाला, "ताईला चार दरवाजे आहेत, मामी." खुला सर्वसाधारण, खुला मुलींचा, अनुसूचित जातीचा सर्वसाधारण आणि अनुसूचित जातीचा मुलींचा. राज्याच्या प्रवेशात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आणि मुलींना ३० टक्के. आपले मूल गुणांवर खुल्या जागेत बसत असेल तर ते खुल्याच जागेत जाते, राखीव जागा दुसऱ्या मुलासाठी राहते. मार्गदर्शन केंद्राने चारपैकी एकच दरवाजा ठोठावून "बंद आहे" असे सांगितले होते.

कटऑफ म्हणजे काय याचाही आमचा गैरसमज होता. आम्हाला ती दहावीच्या ३५ सारखी पास-नापासाची रेघ वाटायची. प्रत्यक्षात त्या वर्षी, त्या फेरीत, त्या रकान्यातून आत गेलेल्या शेवटच्या मुलाचे ते गुण, बस्स. पुढच्या वर्षी ते हलणारच. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली सोय असलेल्या कॉलेजांना जागांची कमाल मर्यादा काढून टाकली आणि बऱ्याच ठिकाणी संगणकाच्या तुकड्या वाढल्या. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स अशी नवी नावे आली. म्हणून आत्येभावाने एक नव्हे तीन वर्षांच्या याद्या घेतल्या, आणि पहिल्या फेरीचा आकडा शेवटच्या फेरीच्या आकड्याशेजारी लिहिला. आयआयटी, एनआयटीला जाणारी मुले जागा सोडतात तसा शेवटच्या फेरीचा आकडा बहुधा खाली येतो. तो किती येतो हे पाहिल्यावर आपली आशा कुठवर धरावी ते समजते.

आम्ही वहीत तीन भाग केले. ज्या कॉलेजांत तिन्ही वर्षे तिच्यापेक्षा कमी गुणांवर प्रवेश मिळाला ती खाली. ज्यांचा आकडा तिच्या आसपास दोन-तीनने इकडेतिकडे, ती मध्ये. आणि ज्यांचा वर, ती सर्वांत वर.

जेईईचेही असेच झाले होते. निकालपत्रावर सर्वसाधारण क्रमांक लाखाच्या पलीकडचा पाहून आम्ही कागद मिटून ठेवला होता. त्याच कागदावर अनुसूचित जातीचा वेगळा क्रमांक छापला होता आणि एनआयटीच्या आपल्या वर्गाच्या यादीत तोच क्रमांक चालतो! एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात आणि आपल्या राज्यात नागपूरची एकच. थोरलीचा क्रमांक तिथल्या संगणक शाखेपर्यंत पोचत नव्हता, पण ते आम्हाला यादी पाहून समजायला हवे होते, कागद मिटून नव्हे. वस्तीतल्या एका मुलाला जेईईत ६५ आले होते आणि तो आयआयटीत गेलाच असे त्याच्या वडिलांनी सगळीकडे सांगितले. २०२५ साली अॅडव्हान्स्ड परीक्षेला बसण्याची रेघ खुल्या वर्गाला ९३.१० आणि अनुसूचित जातीला ६१.१५ होती. ती रेघ पार केली म्हणजे दुसऱ्या परीक्षेच्या दारात पोचलो, एवढाच अर्थ. जागा त्या दुसऱ्या परीक्षेच्या क्रमांकावर मिळते.

केंद्राच्या या जागांसाठी दाखलाही केंद्राच्या नमुन्यात लागतो. बौद्ध झालेल्यांना केंद्राने अनुसूचित जातीत धरले ते १९९० च्या कायदादुरुस्तीने, विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारच्या काळात. त्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असून भागत नाही, मूळ जातीचे नाव लागते. आम्हाला तो कागद मिळवायला तीन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला राज्याचाच नमुना हातात दिला आणि आम्हीही न वाचता घरी आलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

पसंतिक्रमाचा अर्ज. त्यात तीनशेपर्यंत नावे लिहिता येतात. आत्येभावाने थोरलीला विचारून यादी लिहिली. पुण्याचे एक नावाजलेले कॉलेज, तिथली संगणक शाखा, पहिली. ते नाव ती अकरावीपासून घेत होती. वहीत ते मधल्या भागात बसत होते, म्हणजे मिळेलही, न मिळेलही. घराजवळचे, रेल्वेने वीस मिनिटांवरचे कॉलेज सातवे. त्याने आम्हाला समजावले होते, "मामा, संगणक एकेका मुलाला गुणांच्या क्रमाने घेतो. त्याची यादी वरून खाली वाचतो. जिथे पहिली जागा दिसेल ती देतो. वर अवघड नाव लिहिलं म्हणून खालचं सोपं हातचं जात नाही." आम्ही माना डोलावल्या.

पण अर्जाच्या शेवटच्या रात्री आम्हाला झोप येईना. पुण्यात राहणार कुठे, मेसचे पैसे कुठून, तिथली मुले इंग्रजीत बोलणारी. मोठ्या संस्थांतून आपल्या मुलांच्या ज्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात त्या आम्हीही वाचतो. एकमेकांशी बोलून बोलून आम्ही भीती वाढवली. शेवटी आमच्यापैकी एक म्हणाले, "ते काय मिळणार आहे? उगाच वर कशाला लिहायचं?" दुसरीने हो म्हटले. मिळणार नाही असे वहीत कुठेच लिहिलेले नव्हते. सकाळी थोरलीला घेऊन आम्ही सायबरवाल्याकडे गेलो आणि घराजवळचे कॉलेज पहिले करवून घेतले. पुण्याचे चौथ्यावर गेले. आत्येभावाची रात्रपाळी होती, तो झोपलेला, त्याला फोन केला नाही. थोरली म्हणाली, "दादाला विचारूया ना." आम्ही म्हटले, "आम्ही तुझ्या वाईटाचं करू का?" यावर मूल काय बोलणार? ओटीपी आमच्याच मोबाईलवर आला.

२०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि नवा नियम होता. पहिल्या फेरीत पहिलेच नाव लागले तर ती जागा आपोआप पक्की, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी लागले तरी तसेच. माहितीपुस्तिकेत ते लिहिले होते. आम्ही पुस्तिका छापली नव्हती, पाने फार म्हणून.

पहिल्या फेरीत घराजवळचे कॉलेज लागले. पुन्हा पेढे. संध्याकाळी आत्येभावाचा फोन आला. आधी अभिनंदन केले, मग थांबून म्हणाला, "मामा, यादी बदलली होती का?" पुण्याच्या त्या कॉलेजची संगणक शाखा अनुसूचित जातीच्या मुलींच्या रकान्यात, बाहेरच्या क्षेत्राच्या जागेवर, पहिल्याच फेरीत ९३.१ ला थांबली होती. आमच्या पोरीला ९४.२.

आम्ही फोन ठेवला. थोरली भांडी घासत होती, तिने सगळे ऐकले होते. ती रडली नाही, चिडली नाही. इतकेच म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी तेच पहिलं लिहिलं असतं." तिला विचारले नव्हते असे नाही, पण ज्या रीतीने विचारले त्याला विचारणे म्हणत नाहीत.

ती आज घराजवळच्या त्याच कॉलेजात शिकते आणि चांगली शिकते. कॉलेज वाईट नाही. फ्रीशिप मिळाली, पण इतर शुल्क म्हणून काही रक्कम मागितली गेली, तिची पावती आम्ही हट्टाने घेतली. मोठ्या कंपन्या तिथे भरतीला कमी येतात, हे तिने एकदा जेवताना सांगितले, आणि आमचा घास थांबलेला पाहून विषय बदलला.

त्यानंतर विहारात रविवारी संध्याकाळी आम्ही छापलेल्या याद्या घेऊन बसू लागलो. आत्येभाऊ जमेल तेव्हा येतो. पहिल्या रविवारी तिघेच पालक होते, पुढे सतरंजी पुरेना. आम्ही सल्ला देत नाही, रकाने वाचून दाखवतो आणि त्या वर्षीची पुस्तिका सगळ्यांना वाचायला लावतो, कारण नियम बदलतात. एक गोष्ट मात्र प्रत्येकाला सांगतो: जागा मिळाल्यावर भरायचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. मुजफ्फरनगरकडच्या एका मजुराच्या मुलाला २०२४ साली धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये गोळा होईस्तोवर वेळ संपली, काही मिनिटांनी जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ती परत मिळवून दिली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येकाला कुठे जाता येते?

परवाच्या रविवारी एक भाऊ आपल्या मुलाची यादी घेऊन आले. पहिले नाव घराजवळच्या कॉलेजचे. आमच्यापैकी एकाने विचारले, "भाऊ, ही यादी कोणी लिहिली?" ते म्हणाले, "मीच. त्याला काय कळतंय?" मुलगा शेजारी खाली मान घालून बसला होता. थोरली त्या दिवशी विहारात आली होती. तिने पेन्सिल उचलून त्या मुलापुढे धरली आणि म्हणाली, "तू लिही, मग आपण रकाने बघू." भाऊंना ते फारसे आवडले नाही. पण ते उठून गेले नाहीत, शेवटपर्यंत बसले.

धाकटी आता दहावीत आहे. ती चित्रे काढते, संगणकाचे नाव अजून घेत नाही. जात वैधतेचा अर्ज अकरावीत गेल्यावर लगेच करायचा, हे आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे, आणि प्रवेशासाठी तिच्या नावाचे वेगळे सिमकार्ड घ्यायचे असेही ठरले आहे. ओटीपी तिच्याच मोबाईलवर येईल.