कळव्याला फास्ट थांबत नाही

'स्टेज फिअर' हा शब्द मला कॉलेजात गेल्यावर कळला. त्याआधी आमच्या घरी त्याला साधं 'त-त-प-प' म्हणायचे. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभं केलं की माझं त-त-प-प व्हायचं, आई हातात एक करंजी द्यायची आणि विषय तिथेच संपायचा.

मग मी बीएमएमला ॲडमिशन घेतली. आता बोला! दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या विषयाचं प्रेझेंटेशन, आणि इथे करंजी द्यायला कोणी नाही.

त्या वर्षांत आमच्या कॉलेजातल्या बोलक्या मुलांना एकच स्वप्न पडायचं, 'लोकसत्ता'च्या 'वक्ता दशसहस्रेषु' स्पर्धेचं. ती २०१५ मध्ये सुरू झाली होती आणि तिच्या गप्पा कॅन्टीनमध्ये क्रिकेटसारख्या चालायच्या. माझी झेप तेवढी नव्हती. २०१६ मध्ये, सेकंड इयरला असताना, मी एका छोट्याशा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव दिलं. सात मिनिटांचं भाषण लिहिलं, घोकलं, आरशासमोर म्हटलं. स्टेजवर गेले आणि साडेतीन मिनिटांत सगळं उरकून खाली आले. मधले दोन परिच्छेद कुठे गायब झाले ते मलाही कळलं नाही. परीक्षक बाई नंतर म्हणाल्या, "अगं, विषय छान होता. आम्हाला ऐकू तरी द्यायचास!"

कळव्यात वाढलेल्या मुलीने हे करावं, यासारखा विनोद नाही. आमच्या स्टेशनवर फास्ट गाडी थांबत नाही. सगळं आयुष्य स्लो लोकलवर गेलं, आणि माइक हातात आला की मी ठाण्याहून सुटलेली थेट दादर!

मग सुरू झाले उपाय. "समोर सगळे बटाटे बसलेत असं समज," मैत्रिणीने सांगितलं. बटाटे जांभया देत नाहीत हो, माणसं देतात. मोबाइलवर स्वतःचं भाषण रेकॉर्ड केलं. ते ऐकणं ही वेगळीच शिक्षा होती. एकदा ठाण्यातल्या एका टोस्टमास्टर्स क्लबमध्ये पाहुणी म्हणून जाऊन बसले. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनामध्ये सुरू केलेली ही चळवळ. तिथे वक्त्याचे 'अं' आणि 'आ' मोजायला चक्क एक माणूस नेमलेला असतो. वेळेसाठी हिरवा, पिवळा आणि लाल असे सिग्नल. मला वाटलं होतं लाल दिव्याची भीती वाटेल. पण पाच ते सात मिनिटांच्या भाषणात हिरवा दिवा लागतो तोच पाच मिनिटं झाल्यावर. माझी अडचण अशी की माझं भाषण हिरव्याच्याही आधी संपायचं!

घरी येऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि हातात वही घेऊन बसले. 'म्हणजे' एकोणीस वेळा, 'ॲक्च्युअली' अकरा वेळा. श्वास घ्यायला थांबायची वेळ आली की त्या जागी मी एक 'म्हणजे' कोंबत होते. गप्प राहायची भीती, दुसरं काय!

ग्रीसमधला डेमॉस्थेनिस तोंडात गोट्या ठेवून बोलायचा आणि लाटांच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा, असं सांगतात. आमच्याकडे लाटा नाहीत. पण रुळांच्या बाजूची गॅलरी आहे. मी तिथे प्रॅक्टिस करायला लागले. दर थोड्या वेळाने एक गाडी धडधडत जायची. कधी मुंब्र्याकडे निघालेली स्लो, कधी १९१६ साली सुरू झालेल्या पारसिक बोगद्याकडे सुसाटलेली मेल. मी गाडीवर ओरडून बोलायचे. एके संध्याकाळी बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "गाडी जाऊ दे ना. मग बोल."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. आमच्या घरात भांडण, फोन, बातम्या, सगळं गाडीसाठी थांबतं. आई वाक्य अर्धवट सोडते, हात तसाच हवेत राहतो, गाडी जाते आणि वाक्य त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. आणि गंमत म्हणजे, समोरचा तेवढा वेळ तिच्याकडेच बघत असतो. 'पॉज' म्हणतात तो हाच की!

मी भाषणाच्या कागदावर जिथे थांबायचं तिथे पेन्सिलीने छोटे रूळ काढायला लागले. पुढच्या स्पर्धेत सव्वासहा मिनिटं बोलले. बक्षीस मिळालं नाही, पण भाषण पूर्ण झालं.

खरी परीक्षा २०१८ मध्ये आली. बाबा बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यातून रिटायर झाले. आयुष्यभर मशीनच्या आवाजात काम केलेला माणूस, चारचौघांत दोन शब्द बोलायची वेळ आली की पाणी प्यायला उठणारा. म्हणजे माझं त-त-प-प कुठून आलं ते कळलं ना? निरोप समारंभाच्या आदल्या रात्री ते म्हणाले, "माझ्या वतीने तू बोलशील?"

छोटा हॉल होता, पन्नास-साठ माणसं. मी बाबांच्या सहकाऱ्यांचे आभार मानले, त्यांच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग पुढचं वाक्य आलं, "रात्रपाळी करून आलेले बाबा माझ्या शाळेच्या वेळेपर्यंत झोपायचे नाहीत." आणि गळा भरून आला. कागदावर त्या जागी रूळ काढलेले नव्हते.

जुनी सवय उसळून आली. पटापट उरकावं आणि खाली बसावं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबांनी हात किंचित वर केला, घरी गाडी आल्यावर करतात तसा. मी थांबले. कोणी जांभई दिली नाही. किती सेकंद गेले माहीत नाही. मग उरलेलं भाषण सावकाश पूर्ण केलं.

परतताना रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "ऐकू आलं सगळं."

आज फ्रीलान्सिंग करताना कधी पॅनलवर बोलावतात, कधी कॉलेजात वर्कशॉप घ्यायला. अजूनही माइक हातात आला की तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते. ती भीती जात नाही, तिच्यासोबत उभं राहता येतं इतकंच. सोमवारच्या मीटिंगमध्ये बॉसने तुमच्याकडे वळून "यू वॉन्ट टू ॲड समथिंग?" विचारलं आणि तुमचं त-त-प-प झालं, तर 'ॲक्च्युअली'ने सुरुवात करू नका. एक श्वास घ्या. गाडी जाऊ द्या. मग बोला.